पोटातली सवत

कुंभिवलीत एक बोलवा पक्की होती: गजाच्या धोंडूबाईनं आपली सवत खाल्ली. हायवेवर चहाला थांबलेल्या ट्रकवाल्यांनाही कुणीतरी ही गोष्ट दोन घोटांच्या मधे सांगून टाकायचं, आणि ते बिचारे बोरघाट चढेपर्यंत आरशात मागं बघत राहायचे.

बोलवा साफ खोटी. सवत मेली तेव्हा धोंडूबाई कर्जतकडच्या माहेरी परकर सावरत शेळ्यांमागं धावत होती. गजा नावाचा कुणी प्राणी या जगात आहे हेही तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं तोवर ती सुखात होती. खरी गोष्ट उलटी. सवतच धोंडूबाईला आतून खात होती. गाव तसं मानायचं, घर तसं मानायचं, आणि सगळ्यांत जास्त धोंडूबाई मानायची.

सवतीचं नाव गोदा. गजाची पहिली. तिला मूल होईना म्हणून सासूनं, सोनुबाईनं, तिला उपासांना जुंपलं. सोमवार, चतुर्थी, एकादशी. मधे एखादा मोकळा वार निघालाच तर त्याच्यासाठीही सोनुबाईकडं एक देव तयार असायचा. गोदा म्हणायची, पोटात जळतंय, दोन घास पडले की बरं वाटतं. सोनुबाई म्हणायची, "खायाची सोंगं हायत समदी." एका शिवरात्रीला गोदा चुलीमागं बसून गड्यांच्या भाताच्या टोपातली खरवड खरडून खात होती. सोनुबाईनं बघितलं, तिचा जबडा धरला आणि तोंडात बोट घालून घास बाहेर काढला. त्यानंतर थोड्याच दिवसांत गोदा चहाच्या चोथ्यासारखं काळं काळं ओकली आणि गेली.

हा घास काढताना बघितला तो एकट्या आवडीनं. आवडी डोंगरातल्या ठाकरवाडीची, मोळी घेऊन मागच्या दारी आली होती. तिनं ती गोष्ट कितीतरी वर्षं मोळीसारखीच आवळून ठेवली.

धोंडूबाई लग्न होऊन आली ती छप्पन सालच्या उन्हाळ्यात. हळद उतरायच्या आत सोनुबाईनं तिच्या गळ्यात गोदाचा टाक बांधला. चांदीचा, अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीला असं गळ्यात वागवायचं, सणावाराला कुंकू लावायचं, आणि जेवताना पहिला घास टाकाला लावून मग तोंडात घालायचा. म्हणजे गेलेली रुसत नाही. सोनाराचा हात जरा घाईचा असावा. गोदाला डोळे दोन काढले होते, पण तोंड काढायचं राहिलं होतं. धोंडूबाईच्या ते पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. बिनतोंडाच्या बाईला घास भरवायचा म्हणजे तो जातो कुठं?

कुठं जातो ते चारेक वर्षांनी कळलं.

लावणीचे दिवस होते. गडी जेवले, मग पोरं, मग सासू, आणि धोंडूबाई रिकाम्या पोटी वाढत उभी. बरगड्यांच्या मधोमध कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं झालं. ती चुलीपाशी वाकली, हाताला लागलेला भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला, आणि निखारा विझला. फुंकर मारल्यासारखा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिनं सासूला सांगितलं, "आत्याबाय, पोटात जळतंय. कायतरी खाल्लं की थांबतं."

सोनुबाईच्या हातातली पळी खाली पडली. हेच शब्द, याच चुलीपाशी, दुसऱ्या तोंडून तिनं ऐकले होते.

"ती आली," सोनुबाई म्हणाली. "भुकेली गेली व्हती. आदी तिला वाढ. समद्यांच्या आदी तिला वाढ!"

त्या दिवसापासून गजाच्या घरात एक अघटित सुरू झालं. घरातली सून सगळ्यांच्या आधी जेवायला लागली. गजा खोपोलीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा; त्याचा डबा भरायच्या आधी धोंडूबाई ताट घेऊन बसायची, पहिला घास टाकाला लावायची आणि सावकाश जेवायची. गजा दारात चप्पल घालून उभा. वर्षाच्या उपासांनाही तिला सुट्टी. "माजा उपास हाय," ती शेजारणींना सांगायची, "पर गोदीचा नाय, काय करू?" आळीतल्या बायका बाहेर चुकचुकायच्या आणि आत जळायच्या. बुधाजी हा गजाचा चुलतभाऊ, गावातली पहिल्या नंबरची जीभ. त्याची बायको त्याला एकदा उघड म्हणाली, "मलापन कुटं मेलेली सवत मिळती का बगा की." बुधाजी त्यानंतर पुष्कळ दिवस घरात जपून वागला.

चेष्टा चेष्टेच्या जागी. पण पहाटेच्या त्या घरात जाऊन आलेला माणूस चेष्टा विसरला असता.

कोंबडं आरवायच्या आधी गोदा धोंडूबाईला उठवायची. आधी नख लावल्यासारखं, मग दात लावल्यासारखं. धोंडूबाई न चुकता उठायची, दिवा न लावता चुलीशी यायची, शिळी भाकरी मोडायची. "थांब गं, गोदे. हात तर धुऊ दे." अंधारात ती चावायची आणि तिला वाटायचं, आपण थांबलो तरी चावण्याचा आवाज थोडा मागं राहतोय. पडवीतल्या खाटेवरून सोनुबाईचा आवाज यायचा: "जेवली का ती?" रोज. दोन्ही वेळा. पोरं मोठी झाली, लेकी नांदायला गेल्या, सोनुबाईचे दात गेले, नजर गेली, पण प्रश्न गेला नाही.

आवडीनं मोळी सोडली ती याच सुमाराला. परसात बसून पानाला चुना लावता लावता म्हणाली, "तुज्या सवतीच्या तोंडातला घास काढलेला मी बगलाय." आणि सगळं सांगितलं. धोंडूबाईनं त्या दिवशी टाक हातात घेऊन बराच वेळ बघितला. सोनार चुकला नव्हता असं तिला वाटलं. ज्या घरानं तोंडातून घास काढला, त्या घरात गोदा तोंड उघडून येईलच कशी? ती आली ती आतून आली.

तेव्हापासून ती गोदाला भिऊन नाही, जपून वाढायला लागली. दुपारी भांडी घासता घासता तिच्याशी बोलायची. गजापेक्षा गोदाच तिला जास्त ओळखत होती. गजाला कधी बायकोला भूक लागलेली कळली नाही, गोदाला मिनिटभर आधी कळायची.

शहाऐंशी साली खोपोलीच्या शिळफाट्याच्या बाजारात सुकट निवडताना धोंडूबाईला घेरी आली. ती भिंतीला धरून बसली आणि ओकली. काळं, चोथ्यासारखं. भोवती माणसं जमली. धोंडूबाईनं ओकारीकडं बघितलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "आता मला नेतीस व्हय गं?"

नेलं गोदानं नाही, नेलं टेंपोवाल्यानं, खोपोलीतल्या डॉक्टर गुप्त्यांकडं. गुप्ते तरुण, नुकता दवाखाना टाकलेला. मुंबईहून टपालानं येणारी जाडजूड मासिकं वाचायचा, आणि पेशंट नसले की स्वतःशीच मान हलवायचा. त्यानं सलाईन लावलं, रक्त चढवायला धाडलं, आणि धोंडूबाई जरा उभी राहिल्यावर मुंबईला आपल्या गुरुजींकडं पाठवून पोटात दुर्बीण घालून आणली. आत जखम होती. जखमेशेजारचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात वळवळणारे जंतू दिसले, मळसूत्रासारखे पिळलेले.

रिपोर्ट आला तेव्हा गुप्त्यानं खुर्ची पुढं ओढली. त्याचे डोळे चमकत होते.

"मावशी, आजवर आम्हाला शिकवलं होतं की पोटातल्या आम्लात काही जिवंत राहूच शकत नाही. तिखट, काळजी आणि आम्ल, यांनी अल्सर होतो. आता ऑस्ट्रेलियातले दोन डॉक्टर म्हणतात, हे जंतू तिथं आरामात राहतात आणि जखम त्यांच्यामुळं होते. एकानं तर ते जंतू स्वतः पिऊन बघितले."

"जाणूनबुजून?"

"जाणूनबुजून. चांगलाच आजारी पडला, पोट सुजलं. जखम मात्र झाली नाही, म्हणून मोठमोठे डॉक्टर अजून हसतात. ते म्हणतात, जखम आधी झाली आणि जंतू नंतर राहायला आले. खरं काय ते अजून ठरायचंय. नावसुद्धा धड ठरलेलं नाही त्या जंतूंचं." त्यानं पेन उचललं. "घरात आणखी कुणाला असा त्रास होता?"

"माज्या सवतीला व्हता."

"त्या कुठं असतात?"

धोंडूबाईनं पोटावर हात ठेवला.

गुप्त्यानं तिच्या गळ्यातला टाक बघितला आणि पेन खाली ठेवलं. धोंडूबाईनं सगळं सांगितलं. उपास, खरवड, बोट, पहाट. तो ऐकत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "घरातल्या घरात हा जंतू एकाकडून दुसऱ्याकडं जात असेल, असं काहींना वाटतं. कसा, ते कुणालाच माहीत नाही. त्यांच्याकडून सासूबाईंकडं, तिथून तुमच्याकडं... सांगता येत नाही. सिद्ध काही नाही."

"म्हंजी तिच्याकडनंच आलंय म्हणा की."

"असेलही."

"आन् हे औषध घेतलं तर ती मरंल?"

"जंतू मरतील."

"मी त्येच इचारतेय."

गुप्त्यानं पेन परत हातात घेतलं. त्यानं वाटा सांगितल्या. मुंबईला ऑपरेशन, पोटाचा तुकडा कापायचा. नाहीतर आम्ल कमी करायच्या गोळ्या, घेताय तोवर बरं, सोडल्या की पुन्हा. नाहीतर ही नवी रीत: जखमेवर बसणारं बिस्मथचं औषध आणि जोडीला जंतू मारायच्या गोळ्या. लागू पडेल याची हमी नाही. काहीच केलं नाही तर मात्र पुढच्या ओकारीला कदाचित दवाखान्यापर्यंत पोचता येणार नाही.

गोळ्यांची पुडी धोंडूबाईनं घरी आणली आणि मिठाच्या बरणीमागं ठेवली. घेतली नाही.

घरात मग एकच खल. गजा म्हणाला, "इतकी वर्सं गप बसलीय ती. कशाला खोड काडतेस?" सोनुबाईला कळलं तेव्हा ती खाटेवर उठून बसली, उठून बसायची तिची ताकद कधीच संपली होती, तरी बसली. "औषद घेऊ नगंस! तुज्यातनं निगाली तर जाईल कुटं ती? ह्या घरात आनखी कुनाकडं यायची ती?" आणि आपल्या सुरकुतलेल्या पोटावर दोन्ही हात दाबून धरले.

धोंडूबाईला सासूचं हसू आलं, पण रात्रभर तेच शब्द तिच्या डोक्यात फिरले. या घरानं गोदाला एकदा मारली होती. गोळी घेतली की दुसऱ्यांदा. आणि या वेळेला बोट धोंडूबाईचं असणार. नाही घेतली तर गोदा तिला घेऊन जाणार. वाईट म्हणून नव्हे. भुकेल्या माणसाला ताट कुठं संपतं आणि हात कुठं सुरू होतो हे कळत नाही. आणखीही एक गोष्ट होती, ती धोंडूबाईनं कुणालाच सांगितली नाही. गोदा गेली की पहिलं ताट कुणाच्या नावानं वाढायचं?

आवडी मोळी घेऊन आली तेव्हा धोंडूबाई पायरीवर बसली होती, पोट धरून. आवडीनं मोळी टाकली. "काय गं, लय जळतं?"

"लय."

"मंग तिलाबी जळतच आसंल की," आवडी म्हणाली आणि कमरेचा बटवा काढला. "जिती व्हती तवाबी जळत व्हतं. मेली तरी जळतंय. येका बाईनं किती जळायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडूबाईनं तांदळाची भाकरी केली, बोंबलाचं कालवण केलं, आणि भात मुद्दाम खाली लागू दिला. खरवड खरडून ताटाच्या कडेला वाढली. पहिला घास टाकाला लावला. "पोटभर जेव, गोदे. मी तुला उपाशी धाडत नाय. लक्षात ठेव." सावकाश जेवली. ताट पुसून घेतलं. मग बरणीमागची पुडी काढली.

थोड्याच दिवसांत तोंडाला चव आली. धातूची. भात खाल्ला तरी धातू, गूळ खाल्ला तरी धातू. धोंडूबाईला ती चव ओळखीची वाटली. तिनं गळ्यातला टाक उचलून जिभेला लावला. तीच. गोदा तोंडात आली होती.

मग एका सकाळी तिनं आरशात जीभ बघितली आणि आरसा पालथा ठेवला. जीभ काळी होती. कोळशासारखी. परसाकडं गेली तर तिथंही काळं. गोदा गेली तेव्हाचं काळं. पडवीत सोनुबाईला दिसत काही नव्हतं, पण सुनेच्या गप्प राहण्यावरून तिनं ओळखलं आणि किंचाळायला लागली. बुधाजी धावत आला, वहिनीला म्हणाला, "वैनी, आ कर," आणि आ बघून तो जो मागं सरला तो थेट भूतं उतरवणाऱ्या वाघ्या भगताच्या दारात जाऊन थांबला. दुपारपर्यंत गावात नवी बोलवा: सवतीनं आतून जीभ बाहेर काढलीय.

धोंडूबाईनं भगताची वाट बघितली नाही. पदर तोंडावर घेऊन हायवेला आली, टेंपोला हात केला, आणि गुप्त्याच्या टेबलासमोर उभी राहून जीभ बाहेर काढली.

गुप्त्यानं कपाळावर हात मारला. "सांगायचं राहिलंच की! बिस्मथनं होतं ते, मावशी. जीभ काळी, शौचाला काळं. औषध थांबलं की जातं." मग जरा वरमून म्हणाला, "मी जंतूंच्याच विचारात होतो हो."

"मी गोदीच्या," धोंडूबाई म्हणाली. रक्त नाही ना, हे त्यानं तरीही तपासून घेतलंच. नव्हतं. ती परत आली आणि उरलेल्या गोळ्या संपवल्या.

जीभ उजळली. ओकारी परत आली नाही. आणि एका दिवेलागणीला धोंडूबाई ताट वाढून बसली, पोटावर हात ठेवून वाट बघत. घाटातून उतरणाऱ्या ट्रकांच्या ब्रेकचा जळका वास येत होता. गाई बांधून झाल्या. निखारा आलाच नाही. "गोदे?" तिनं हाक मारली. पुन्हा मारली. पोट नुसतं पोट होतं, रिकाम्या खोलीसारखं. पहाटे सवयीनं जाग आली, चुलीशी जाऊन तिनं भाकरी मोडली, आणि चावणं थांबवलं. मागं कुणाचाच आवाज राहिला नाही. तेव्हा मात्र ती रडली, तोंडात घास तसाच ठेवून.

पडवीतून आवाज आला: "जेवली का ती?"

"गेली, आत्याबाय."

खाट करकरली. मग अगदी बारीक: "धोंडे, माज्या पोटात जळतंय गं."

सोनुबाईचं हे जळणं नुसती भीती होती, का तोच जंतू इतकी वर्षं तिच्यातही दडून होता, का आणखी काही, हे गुप्त्यालाही सांगता आलं नाही. या वयात दुर्बीण घालवत नव्हती. एवढं खरं की त्या पहाटे धोंडूबाई टोपातली खरवड वाटीत घेऊन खाटेशी गेली. म्हातारीनं तोंड उघडलं. दात नसलेलं ते तोंड आणि आतली जीभ धोंडूबाईनं क्षणभर बघितली. मग बोटानं घास आत ठेवला. म्हातारी चघळत राहिली, आणि तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानामागं गेलं.

नव्याच्या पुनवेला नव्या तांदळाचं पहिलं जेवण. भाऊबंद जमले, गडी पंगतीला मांडी घालून बसले, भाताची वाफ ओटीवर आली. धोंडूबाईनं आधी आपलं ताट वाढलं, पंगतीसमोरच बसली, पहिला घास टाकाला लावला आणि तोंडात घातला.

बुधाजीला हीच संधी हवी होती. "काय गं वैनी! सवत तर औषदानं मेली म्हन्तात. पोटात कुनी नाय, तरी आदी तूच? आता कुनाच्या नावानं जेवतेस?"

पंगत खो खो हसली. गजानं मान खाली घातली. धोंडूबाईनं घास पुरता चावला, गिळला, आणि म्हणाली:

"इतकी वर्सं तिच्या नावानं जेवले, भावजी. आता माज्या नावानं जेवते. भूक लागली आसंल तर गप बसा, वाढते."